मारुतीला तेल

आमच्या घराजवळ दोन मारुती आहेत. एक गल्लीच्या तोंडाशी, पिंपळाच्या पारावर, शेंदूर लावलेला. दुसरी आमच्या दारात, पत्र्याच्या शेडखाली, कधीकाळी पांढरी असलेली. पहिल्या मारुतीला मी गेली चाळीस वर्षं दर शनिवारी न चुकता पळीभर तेल वाहतो. त्याचं काही बिघडल्याचं अजून तरी कोणाच्या कानावर आलेलं नाही. दुसऱ्या मारुतीच्या गिअरबॉक्समधलं तेल मी सव्वीस वर्षांत एकदाही बदललं नाही. तिचं बिघडलं.

आता ह्यात तत्त्वज्ञान ते कुठलं, हा तर गॅरेजवाल्याचा विषय, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच समजत होतो. तीस वर्षं मी अंबाजोगाईत कॉलेजच्या पोरांना तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलं. पोरं झोपत, मी बोलत असे. दोघंही आपापलं कर्तव्य निष्ठेनं करत होतो. पण नीतिशास्त्रात माझी स्वतःची तोंडी परीक्षा झाली ती निवृत्तीनंतर बारा वर्षांनी, एका मिस्त्रीच्या खड्ड्यात, बॅटरीच्या उजेडात. आणि सांगायला खेद वाटतो, पहिल्या फेरीत मी सपशेल नापास झालो.

पण गोष्ट पहिल्यापासून सांगितली पाहिजे.

आमच्या बीड जिल्ह्यात गाडी घेणं ही चैन नव्हती, तो एक प्रकारचा स्वातंत्र्यलढा होता. परळीला रेल्वे होती, पण बीड शहराला ती यायला २०२५चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात आम्ही एसटीच्या आणि काळीपिवळीच्या भरवशावर जन्म, लग्नं आणि मयती पार पाडल्या. मारुती ८०० ही गाडी देशात आली १९८३च्या डिसेंबरात, आणि आमच्या दारात आली १९९९च्या दसऱ्याला. सोळा वर्षांचा हा उशीर रेल्वेच्या मानानं काहीच नाही.

गाडी तेव्हाच्या औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून आणली. थेट योगेश्वरीच्या देवळापुढे नेली. हार घातला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चार चाकांखाली चार लिंबं चिरडली. गल्लीत पेढे वाटले. कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी अभिनंदनाचा चहा माझ्याकडून महिनाभर उकळला. गाडीबरोबर कंपनीचं एक पुस्तक आलं होतं. त्यात गाडीची निगा कशी राखावी, कोणतं तेल किती किलोमीटरनं बदलावं, हे सगळं कोष्टकासकट छापलेलं होतं. मी अभ्यासू माणूस. त्या पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, त्यावर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं आणि ते कपाटात कांटच्या शेजारी ठेवलं. दोन्ही पुस्तकांचा पुढे सारखाच उपयोग झाला.

मी गाडीकडे अगदीच दुर्लक्ष केलं असं मात्र नाही. इंजिनाचं तेल मी वेळच्या वेळी बदलत होतो. कारण इंजिनाचं तेल मोठं बोलकं असतं. त्याला मोजायला पट्टी असते. ते कमी झालं की समोर लाल दिवा लागतो. ते जळतं, आटतं, धूर होऊन मागून बाहेर येतं आणि रस्त्यावरची पोरंसुद्धा ‘ओ काका, धूर!’ म्हणून ओरडतात. पण गिअरबॉक्सचं तेल म्हणजे जुन्या वाड्यातली थोरली सून. ते जळत नाही, आटत नाही, आणि माझ्या गाडीत तरी त्याला ना पट्टी होती ना दिवा. एका लोखंडी पेटीत, अंधारात, ते आपलं निमूटपणे काम करत असतं. त्यामुळे ते आहे हेच कोणाच्या ध्यानात राहत नाही.

दोनेक वर्षांपूर्वी परळीहून घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये एक बारीक सूर ऐकू यायला लागला. तंबोरा दूर कुठेतरी लागलेला असावा तसा. मी दुर्लक्ष केलं. वर्षभरात तंबोऱ्याची सनई झाली. गेल्या दिवाळीच्या सुमारास मात्र सनईबरोबर चौघडाही वाजू लागला, तेव्हा मी शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींना विचारलं,

“काही आवाज येतोय का गं?”

“कधीचा येतोय,” ती म्हणाली.

“मग बोलली नाहीस ती?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

घरी पोचलो. ती उतरली आणि दार धरून क्षणभर उभी राहिली. हल्ली ती नेहमीच अशी उभी राहते. पदर सारखा करत असावी, असं मी समजत होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी चाचांकडे नेली. चाचा एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मिस्त्री. गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये अजून काम करतात, आणि गाडीची नाडी ऐकून बघतात. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरले आणि मलाही उतरायला लावलं. बहात्तराव्या वर्षी मी खड्ड्यात उतरतोय हे पाहून शेडमधली दोन पोरं मदतीला धावली.

“सर, ह्यातलं तेल कधी बदललं व्हतं?” चाचांनी विचारलं.

“ते बदलायचं असतं?”

चाचांनी बॅटरी बंद केली. असं वाटलं की दोन मिनिटं शांतता पाळून ते पुन्हा लावतील. मग त्यांनी खालचा बूच काढला. आत घातलं तेव्हा ते तेल मधासारखं असतं म्हणे. बाहेर आला तो काळा काढा, लसूण कुजल्यासारख्या वासाचा, आणि त्यात चांदीचा वर्ख टाकावा तशी चमक. बुचाच्या टोकाला लोहचुंबक होतं. त्याला पोलादाच्या कणांची चांगली बोटभर दाढी आली होती. चाचांनी ती चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवली.

“हे काय हाय, सर?”

“कचरा.”

“कचरा न्हाई. ही तुमची गिअर हाय. थोडी थोडी करून इकडं ऱ्हायला आलीय.”

मग चाचांनी मला जे समजावलं ते मी तीस वर्षांत पोरांना इतकं सोपं करून काही सांगितलं असेल असं वाटत नाही. गिअरचे दात एकमेकांवर दाबले जातात तेव्हा एवढ्याशा जागेवर इतका भार येतो की साधं तेल तिथून पिळून बाहेर निघेल. म्हणून गिअरच्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची औषधं मिसळलेली असतात. त्या वासाचं कारण तेच. ही औषधं पोलादावर एक पातळ थर धरतात आणि दातांच्या ऐवजी स्वतः झिजतात. झिजून झिजून एक दिवस संपतात. वरून बघाल तर तेल तेवढंच, दोन-अडीच लिटर, काठोकाठ. आतला गुण मात्र गेलेला. त्यानंतर दात दातांवर घासतात, त्याचा चुरा तेलात फिरतो आणि बेअरिंगा खातो.

“आता नवं तेल घातलं तर बरं होईल का?” मी विचारलं.

“तेल दवा न्हाई, सर. तेल परहेज हाय. परहेज आधी करायचं ऱ्हातंय.” चाचांनी हात पुसले. “गाडी लई गरीब हाय तुमची. बोलली न्हाई, तर तुमाला वाटलं सुखात हाय. एसटीत आमचं असं नव्हतं. रात्री गाडी आली की डायवरला इचारायचं, बाबा काय वाजतंय, काय वढतंय. त्यानं सांगितलं न्हाई तरी आपण इचारायचं.”

पुढे त्यांनी बेअरिंगा, सील आणि मजुरी मिळून साडेनऊ हजारांचा आकडा सांगितला. हजार रुपयांचं तेल वेळेवर बदललं असतं तर हे टळलं असतं, हे ते बोलले नाहीत. चांगल्या माणसांचं हेच वाईट असतं. न बोलता ऐकवतात.

घरी येऊन मी पुण्यातल्या पुतण्याला फोन केला. त्याची गाडी आपोआप गिअर बदलणारी, तांबडं तेल पिणारी. तो हसला. “काका, आमच्याकडे ही भानगडच नाही. कंपनी म्हणते, लाइफटाइम ऑइल आहे. कधी बदलायचंच नाही.”

“लाइफटाइम म्हणजे कोणाचं लाइफ?”

“गिअरबॉक्सचं.”

“आणि गिअरबॉक्सचं लाइफ किती?”

तो जरा थांबला. “तेल चांगलं असेल तोवर.”

माझ्यातला निवृत्त प्राध्यापक जागा झाला. तेल किती टिकेल? गिअरबॉक्स टिकेल तोवर. गिअरबॉक्स किती टिकेल? तेल टिकेल तोवर. आमच्या न्यायशास्त्रात ह्याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात आणि ह्यावर पाच मार्कांची टीप येत असे. जगात काहीच आजन्म टिकत नाही, फक्त वॉरंटीच्या काळात टिकतं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पुतण्या म्हणाला, “पण काका, इतकी वर्षं न बदललेलं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो म्हणतात.” हा तर निव्वळ काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली की आपण कावळ्याला धरतो. गिअरबॉक्स घरघर लागेपर्यंत तेल बदलायचं नाही, शेवटच्या दिवशी बदलायचं, आणि मग म्हणायचं, तेल बदललं म्हणून गेला! मरणाच्या दारातल्या माणसाच्या तोंडात गंगाजळ घालावं आणि गंगाजळानं गेला म्हणून बोंब मारावी, तशातला प्रकार.

पुतण्याला एवढं ऐकवल्यावर मला फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या गाडीविषयी बोलताना माझं तर्कशास्त्र उत्तम चालतं.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मात्र विचार सुटेना. गीतेत योगक्षेम असा शब्द आहे. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हामुळे तो ज्यांनी गीता उघडली नाही त्यांनाही ठाऊक असतो. शंकराचार्यांनी त्याची फोड केली आहे. जे नाही ते मिळवणं म्हणजे योग, आणि जे मिळालं ते राखणं म्हणजे क्षेम. माझ्या ध्यानात आलं की आपला सगळा जल्लोष योगाचा असतो. गाडी घेतली, पेढे. घर बांधलं, वास्तुशांत. लग्न केलं, बँडबाजा. पूल बांधला, मंत्री येऊन फीत कापतात. पण पुलाच्या बेअरिंगला वंगण दिलं म्हणून कोणी कधी फीत कापल्याचं तुम्ही ऐकलंत? आमच्या गावची देवी योगेश्वरी. क्षेमेश्वरीचं देऊळ अजून माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर होऊन गेलेल्या ह्या संतकवीनं सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरण लिहून काढलं. पाहुणे आले की आम्ही अभिमानानं सांगतो, दासोपंतांची पासोडी! पण चारशे वर्षं कापड आपोआप टिकत नाही. कोणीतरी ते पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून जपलं असेल, कसर लागली का बघितलं असेल, घडी मोडून पुन्हा घातली असेल. एका पिढीनं कंटाळा केला असता तर वाळवीला पंचीकरण कळायला वेळ लागला नसता. लिहिणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ आहे. घडी घालणाऱ्यांची नावं सांगा, मी पेढे देतो.

ह्याचं कारणही उघड आहे. राखण्याचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. आणि काहीच न घडण्याबद्दल कोणाचे आभार मानायचे? घाटात बंद पडलेली गाडी अर्ध्या तासात चालू करणाऱ्या मिस्त्रीची कीर्ती पंचक्रोशीत होते. पण ज्याच्या हातची गाडी घाटात कधी बंदच पडली नाही, त्या मिस्त्रीला लोक म्हणतात, ह्याला फारसं काम येत नसावं.

इतकं सुंदर चिंतन केल्यावर माणसानं काय करायला हवं होतं? साडेनऊ हजार खर्च करून बेअरिंगा बदलायला हव्या होत्या. मी काय केलं? गाडी विकायला काढली.

गाड्यांची देवघेव करणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. त्यांनी चक्कर मारून पाहिली, आवाज ऐकला आणि मला बाजूला घेतलं. “सर, जाड तेल भरा, अन् त्यात दोन मुठी लाकडाचा भुसा टाका. बारीक चाळलेला. दोन महिने तोंड उघडणार न्हाई.”

ही युक्ती म्हणे फार जुनी आहे, देशोदेशीचे जुन्या गाड्यांचे व्यापारी ती जाणतात. भुसा दातांच्या फटीत बसतो, आवाज गिळतो आणि आतल्या आत रोग वाढवत राहतो. मला धक्का बसला. “छे छे, असलं काही मी करणार नाही,” मी म्हणालो. पण भुसा कुठे मिळतो हे मला ठाऊक होतं, आणि तो पत्ता मनात येऊन गेला, हेही इथं नोंदवलं पाहिजे.

चार दिवसांनी एक तरुण आला. घाटाखालच्या एका गावात त्याची पिठाची गिरणी. आईबापांनी वीसेक हंगाम ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जाऊन त्याला बारावीपर्यंत शिकवलेलं. त्यानं गाडी बसस्टँडापर्यंत नेऊन आणली. सपाट रस्ता, तिसऱ्या गिअरवर जोर पडायचं कारण नाही. गाडी गुणी बाळासारखी वागली. नोंदणीचं पाच-पाच वर्षांनी केलेलं नूतनीकरण त्यानं नीट पाहिलं, आणि पंचेचाळीस हजारांना सौदा ठरला. पाच हजार त्यानं विसार दिला.

“लांबच्या प्रवासाला हवी का?” मी सहज विचारलं.

“न्हाई सर. आईला आठवड्यातून दोनदा वर दवाखान्यात आणावं लागतं, स्वामी रामानंद तीर्थला. डायलिसिसला. जीपमधी दाटीवाटीत तिला सोसंना आता. रातच्याला परत जाताना तर गाडी भेटतच न्हाई.” मग तो जरा हसला. “साऱ्या जन्मात दुखतंय-खुपतंय म्हणाली न्हाई, सर. म्हणाली तवा दोन्ही किडन्या गेल्या व्हत्या.”

मी नोटा मोजत होतो. चौथ्या नोटेपाशी आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. पण बोललो नाही. रविवारी बाकीचे पैसे घेऊन येतो म्हणून तो गेला.

त्या रात्री मी स्वतःपुढे वकिली सुरू केली. मुद्दा पहिला, गाडी सव्वीस वर्षांची आहे, घेणाऱ्यानं पाहून घ्यावं. मुद्दा दुसरा, मी भुसा घातलेला नाही. मुद्दा तिसरा आणि सगळ्यांत भक्कम, त्यानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही. मी खोटं एक अक्षर बोललेलो नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजापेक्षा माझी बाजू किती तरी स्वच्छ. शिवाय त्या अर्ध्या खोट्यापायी जमिनीवर चार बोटं अधांतरी चालणारा त्याचा रथ खाली आला, एवढीच ना शिक्षा? आमची गाडी स्प्रिंगा बसल्यामुळे आधीच चार बोटं खाली आलेली आहे.

हे सगळं मी मनात बोलतोय अशी माझी समजूत होती. अंधारातून आवाज आला,

“धर्मराज बरा. त्याला निदान कोणी प्रश्न तरी विचारला होता. तुम्ही कोणी विचारू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलात.”

“अगं, पण त्यानं विचारलं नाही, हा माझा दोष आहे का?”

“कोणी विचारलं नाही म्हणून गप्प बसायचं, हे ज्याला सोसायचंय त्यानं करावं. मी पंचेचाळीस वर्षं करतेय. तुम्ही ते दुसऱ्याच्या आईच्या जिवावर करताय.”

आणि तिनं कूस बदलली. कूस बदलताना ‘आई गं’ असं अगदी बारीक म्हणाली. तिसऱ्या गिअरमध्ये पहिल्यांदा ऐकू आला होता, तेवढंच बारीक.

रविवारी तरुण आला तेव्हा मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सगळं सांगितलं. सव्वीस वर्षं, काळं तेल, चुंबकाची दाढी, घाटातला आवाज, भुशाचा सल्ला. तो ऐकत राहिला. त्याच्या डोळ्यांत कृतज्ञतेचे अश्रू वगैरे आले असं सांगायला मला आवडलं असतं. पण त्यानं एवढंच विचारलं, “सर, ती एकदम बसंल का सांगून बसंल?”

आम्ही चाचांकडे गेलो. चाचा म्हणाले, बेअरिंग सहसा सांगून जातं, ऐकणारा पाहिजे. शेवटी असं ठरलं की बेअरिंगा आणि सील माझ्या खर्चानं बदलायच्या, नवं तेल माझ्या डोळ्यांदेखत भरायचं आणि मग गाडी न्यायची. चाचांनी वरच्या भोकातून तेल ओतलं, ते काठाला येऊन जरासं सांडेपर्यंत. सांडलं म्हणजे भरलं, हेच त्याचं माप. मधासारखं सोनेरी तेल. पंचेचाळीस हजारांतले साडेनऊ वजा जाता मला साडेपस्तीस मिळाले. तरुणानं हिशेब दोनदा तपासला. मला तो आवडला. हा गाडीची पट्टीही दोनदा तपासेल.

तुम्हाला वाटेल, म्हणजे अखेरीस नीतिशास्त्राचा विजय झाला. कांटनं एक दुकानदार रंगवला आहे. तो अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही, पण केवळ धंद्याला ते बरं म्हणून. कांट म्हणतो, वागणं योग्य, पण नैतिक मोल नाही. कारण ते कर्तव्यबुद्धीनं केलेलं नाही. हा दुकानदार मी तीस वर्षं वर्गात आणला, आमच्या मंडईतला किराणावाला करून. आता माझं काय? मी खरं बोललो ते कर्तव्य म्हणून नाही. बायकोनं कूस बदलली म्हणून. कांटनं मला शून्य मार्क दिले असते. पण कांट आजन्म अविवाहित होता, हेही पेपर तपासताना ध्यानात घेतलं पाहिजे.

जाताना मी त्या तरुणाला एक कोरी वही दिली. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर एक लाख अठरा हजार, आणि खाली ‘गिअरचं तेल बदललं’ असं लिहून दिलं. त्यानं विचारलं, “ह्यात काय काय लिहायचं, सर?” मी म्हणालो, “काही झालं नाही तरी तारीख घालून लिही, काही झालं नाही.” कपाटातलं खाकी कव्हराचं पुस्तकही देऊन टाकलं. कांटच्या शेजारची जागा मोकळी झाली.

परवा शनिवारी नेहमीप्रमाणे पारावर जाऊन मारुतीला तेल वाहिलं. परत आलो तर शेड रिकामी. आत सौभाग्यवती देवघरापुढून उठत होती, एक हात भिंतीला लावून. पदर जागच्या जागी होता. त्याला सारखं करण्यासारखं काही नव्हतं.

मी टेबलाच्या खणातून दुसरी कोरी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं, वर तारीख घातली आणि विचारलं,

“गुडघा दुखतो का गं तुझा?”

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,

“कोणता?”